चुगलखोर पेटी

"भडंग खाली ठेवा, अमरसिंहदादा," ओठांत धरलेली शेवटची टाचणी काढून पडद्यात खुपसत शांभवी म्हणाली. "तुमच्या कुरुमकुरुममध्ये तंबोरा कुणाला ऐकू यायचा नाही."

"अगं, येवढा घास तरी..."

"एकसुद्धा नाही."

अमरसिंहनं मूठभर भडंग पुन्हा ताटलीत सोडला आणि हात पँटला पुसले. वरातीत आणि मिरवणुकीत डॉल्बीच्या भिंती उभ्या करण्यात त्या गड्याची निम्मी हयात गेली होती. त्याच्या आवाजानं रस्त्यावरच्या खिडक्यांची तावदानं थरथरली नाहीत, तर मंडळाची पोरं विचारायची, दादा, आज तब्येत बरी न्हाय का? अशा माणसाला शेर-दोन शेर तांदूळ मावतील एवढ्याशा स्पीकरच्या पेटीचा आवाज जोखायला बसवायचं म्हणजे कमालच. पण शांभवीनं त्याला मुद्दाम बोलावलं होतं. तिला सगळ्या तऱ्हेचे कान हवे होते.

एकूण पाच जण. अमरसिंहशेजारी पूर्णिमा मॅडम. कोल्हापुरात राजारामपुरीत त्यांचा गाण्याचा क्लास, आणि शाळेत असताना शांभवी तिथं तीन वर्षं नेमानं जाऊन नेमानं बेसूर गाऊन आलेली. त्यांच्यापलीकडं तिचे वडील शशिधरअप्पा, ज्यांच्या फाउंड्रीच्या आवारात हा सगळा उद्योग चालला होता, आणि आई शांतव्वा. पाचवा बाळासो हलगीवाला. खुर्ची नको म्हणून तो भिंतीला टेकून खाली मांडी घालून बसला होता. चौसष्ट वर्षांचा माणूस. कुस्तीच्या मैदानाला जावं तसा गुलाबी फेटा बांधून आलेला. मांडीशी फडक्यात गुंडाळलेली हलगी. हलगीशिवाय बाळासो घराबाहेर पडत नसे. दवाखान्यात जातानासुद्धा ती बरोबर असते, असं लोक सांगत.

रविवार होता. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत एरवी सकाळी अकराला माणसाला स्वतःचं बोलणं ऐकू येत नाही, पण आज अप्पांची भट्टी थंड होती आणि शेजारचा कारखानाही बंद. स्टोअररूमची खिडकी उघडी होती. पडदा आईच्या भावानं कबनूरहून पाठवलेल्या मलमलीचा. आवाज आरपार जाईल आणि नजर जाणार नाही, एवढ्याच बेताचा. त्याच्यामागं स्पीकरच्या दोन जोड्या. एक परदेशी, लहान चणीची आणि मोठ्या नावाची. राजसनं पुण्यातल्या एका ओळखीच्या माणसाकडून चार दिवसांसाठी हातापाया पडून आणलेली. दुसरी शांभवीची.

राजस म्हणजे तिचा भागीदार. इंजिनीअरिंगपासूनचा दोस्त, हिशेबी डोक्याचा आणि सरळ मनाचा. गेले तीन आठवडे दोघांचं एकाच गोष्टीवरून वाजत होतं.

"दणका कमी आहे," राजस म्हणायचा.

"रेकॉर्डिंगमध्ये आहे तेवढा आहे."

"दुकानात माणूस दहा सेकंद ऐकतो, शांभवी. दहा सेकंदांत छातीत काहीतरी व्हायला पाहिजे."

शांभवीनं दोन वर्षं त्या पेटीत काही घातलं नव्हतं, उलट काढतच आली होती. अप्पांच्या फाउंड्रीत ॲल्युमिनियमची पेटी ओतून घेतली, तर ती देवळातल्या घंटेसारखी घुमायची. मग आतून फासळ्या दिल्या, जाड लोकरीचा नमदा चिकटवला, भिंती जाड केल्या, पुन्हा पातळ केल्या. पेटीनं मध्ये बोलायचं नाही, हा तिचा एकच नियम. आणि आता राजस म्हणत होता, की मागच्या नळीची लांबी वाढवू, आतली एक कॉइल बदलू, म्हणजे खालचा आवाज जरा फुगेल. जरा! तिला ते ऐकूनच कसंसं व्हायचं.

शेवटी भांडून दोघंही थकले आणि ठरवलं, की पाच माणसांना बसवायचं, पडदा लावायचा, आणि ती म्हणतील ते करायचं. सोमवारी पहिल्या पन्नास जोड्यांचं काम सुरू व्हायचं होतं. परदेशी जोडी जिंकली, तर राजस म्हणेल तसा बदल आजच संध्याकाळपर्यंत करायचा. शांभवीनं तसा शब्द दिला होता, आणि दिल्यापासून तिला धड जेवण गेलं नव्हतं.

"नियम सोपा आहे," राजसनं सगळ्यांना कागद-पेन्सिली वाटल्या. "प्रत्येक तुकडा आधी एक नंबरवर, मग दोन नंबरवर वाजेल. आवाज दोन्हीकडं सारखाच ठेवलाय, मीटर लावून. तिन्ही तुकडे ऐकून जी खरी वाटेल तिचा एकच नंबर लिहायचा. एकमेकांशी बोलायचं नाही."

"आणि शांभव्वाची कुठली ती?" आईनं विचारलं.

"तेच तर सांगायचं नाही ना, काकू."

आईनं अप्पांकडं पाहिलं, अप्पांनी अमरसिंहकडं पाहिलं, आणि अमरसिंहनं गंभीर चेहऱ्यानं मान डोलावली. शांभवीला तेव्हाच संशय यायला हवा होता. पण ती पडद्यामागं बटनाशी जाऊन बसली होती.

पहिला तुकडा पूर्णिमा मॅडमच्याच तंबोऱ्याचा आणि आलापाचा. एक नंबरवर तो असा भरघोस आला, की खोली लहान वाटायला लागली. दोन नंबरवर तो फक्त आला. तंबोरा उजवीकडं, मॅडम डावीकडं, आणि मधे त्यांनी घेतलेला श्वास. पडद्याच्या फटीतून शांभवीनं पाहिलं. मॅडमनी स्वतःचा श्वास ऐकून छातीवर हात ठेवला होता. मग त्यांनी कागदाकडं पाहिलं, पडद्याकडं पाहिलं, आणि काहीच लिहिलं नाही.

दुसऱ्या तुकड्याच्या मध्यावर बाहेरच्या रस्त्यानं उसाचा ट्रॅक्टर आला. मागं दोन ट्रॉल्या, वर कर्णे, आणि गाणं असं, की पडद्याच्या टाचण्या निखळाव्यात. राजसनं कपाळाला हात लावला आणि शांभवीनं बटन बंद केलं. कारखान्याला निघालेला तो ट्रॅक्टर नजरेआड होईपर्यंत सगळे गप्प बसून राहिले.

"ह्याला म्हणत्यात स्पीकर," अमरसिंह मनापासून म्हणाला.

पूर्णिमा मॅडमना हसू आवरेना. अप्पाही हसले. शांभवीनं तो तुकडा पुन्हा पहिल्यापासून लावला.

तिसरा आणि शेवटचा तुकडा बाळासोच्या हलगीचा. दोन महिन्यांपूर्वी राजसच्या मित्राच्या स्टुडिओत तो घेतला होता. हलगी निवडली तीच शांभवीनं. तिचं म्हणणं, की गाणं कुठलीही पेटी गोड करून दाखवेल, पण टिपरू कातड्यावर पडतं त्या क्षणी पेटीची सगळी लबाडी उघडी पडते. मात्र खरं सांगायचं तर ह्याच तुकड्याची तिला धास्ती होती. दोन महिने तिच्या पेटीतून त्या हलगीचा ठोका भद्द यायचा. तिनं जंग जंग पछाडलं, नमदा बदलला, जोडण्या बदलल्या, रात्री उशीत तोंड खुपसून रडली. ठोका काही सुटा होईना.

एक नंबरवर हलगी सुरू झाली आणि बाळासोची मान डोलायला लागली. बोटं गुडघ्यावर चालू झाली. हलगी टणटणीत, चकचकीत वाजत होती, अमरसिंहनं तर एक "व्वा!" टाकलाच आणि राजसनं त्याला बोटानं गप्प केलं.

मग दोन नंबर लागला. पाच-सहा ठोके झाले असतील नसतील, बाळासोची बोटं थांबली. मान वर आली. पडद्यामागून कुणीतरी नाव घेऊन शिवी हासडावी, तसं त्यानं पडद्याकडं पाहिलं. चेहरा लालबुंद झाला.

"बंद करा की ते!"

"काका, अजून अर्धंच मिनिट..." राजस म्हणाला.

"बास झालं. कळलं मला काय कळायचं ते."

हलगी काखेला मारून तो उठला आणि चपला न घालताच बाहेर गेला. त्याचा कागद कोराच फरशीवर राहिला. शांभवी बटनावर हात ठेवून तशीच बसली. ज्याची हलगी, त्यालाच ती ऐकवेना. आणखी कुणाचं मत हवं होतं?

राजसनं चार कागद गोळा केले आणि एकेक उलगडला. एक. एक. एक. एक. त्याचा चेहरा जिंकलेल्या माणसाचा नव्हता, हे शांभवीनं पाहिलं, आणि त्याचाच तिला जास्त राग आला. खुर्च्यांवरची मंडळी मात्र खुशीत होती. आईचा चेहरा फुललेला, अप्पा मिशीतल्या मिशीत हसत होते, आणि अमरसिंहनं तर तिच्याकडं बघून डोळा मिचकावला. एवढा आनंद? परक्या पेटीसाठी? घरचीच माणसं अशी निघाली!

"मग सांगू का, एक नंबर कुठली ते?" राजसनं हळूच विचारलं.

"आधी चहा होऊ दे," शांभवी म्हणाली. रडू येण्याआधी तिला दाराबाहेर पडायचं होतं. बाळासोचा कप उचलून ती निघाली.

बाळासो आवारात, ओतकामाच्या वाळूच्या ढिगाशेजारी उकिडवा बसला होता. उन्हात फेटा सैल झाला होता. तिनं कप पुढं केला. त्यानं घेतला, पण प्याला नाही.

"काका, माझी चूक झाली," ती म्हणाली. "दोन नंबरची पेटी माझी. तुमच्या हलगीची माती केली मी."

बाळासोनं तिच्याकडं टकामका पाहिलं. "तुझी व्हय ती?"

"हो."

"मग माती तू कुठं केलीस? माती मी केली." त्यानं कप वाळूत ठेवला. "बस हितं. कुणाला सांगू नगंस. त्या दिवशी तुमच्या त्या स्टुडिओत गेलतो नव्हं? खाली पार्किंगात कागद जाळून हलगी झकास शेकलीती मी. तापल्याबिगर हलगी बोलत न्हाय पोरी, कातडं सैल पडतंय. पर वर तीन मजलं चढून आलो, तवर तुमचं ते माईक लावणं चाललंतं. पाऊण तास! आन् खोलीत ही थंडी, बर्फाच्या कारखान्यागत. मी म्हटलं, पोरांनो, जरा जाळ करू काय? तवा तुमचा त्यो राजस हसला."

शांभवीला ते आठवलं. तीसुद्धा हसली होती. म्हातारबाबा गंमत करताहेत, असंच दोघांना वाटलं होतं.

"हलगी गार पडलीती," बाळासो म्हणाला. "मला हाताला कळतंय की. उठून यायला पायजे हुतं. पर म्हटलं, एवढी पोरं खोळंबलीत, आन् इंजिनावाल्यांना काय कळतंया? वाजवली तशीच. भद्द. पन्नास वर्सांत गार हलगी वाजवली न्हवती मी, ती त्या दिवशी वाजवली. त्या पयल्या पेटीनं झाकलं बग सगळं. लय गोड वाजली, पर ती माझी हलगी न्हवंच. आन् तुझ्या पेटीनं..." त्यानं मान खाली घातली. "चुगली केली. सगळ्यांम्होरं."

शांभवीला आधी काही कळलंच नाही. मग कळलं, आणि तिला वाळूच्या ढिगावर उताणं पडून मोठ्यानं हसावंसं वाटलं. दोन महिने! दोन महिने ती त्या भद्द ठोक्यासाठी पेटीला शिव्या घालत होती, आणि ठोकाच भद्द होता! पेटीनं जे होतं ते जसंच्या तसं सांगितलं होतं, कुणाची भीड न ठेवता. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबून धरलं.

"काका," आवाज सावरत ती म्हणाली, "हे आत येऊन सांगाल? एवढंच?"

बाळासोचा चेहरा पडला. "त्या अमरसिंहाम्होरं? उद्या कोल्हापुरातल्या सगळ्या तालमीत गाजंल. बाळासोनं गार हलगी वाजवली म्हणून. मैदानाला बोलवायचं बंद करतील मला."

ती त्याच्या हातांकडं पाहत राहिली. काळीभोर, गाठाळलेली बोटं. आता उगीच फडक्याशी चाळा करत होती. आत जाऊन दोन वाक्यं सांगितली असती, तर सगळा डाव फिरला असता. जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं. मग तिनं ते गिळलं.

"राहू दे काका. चूक आमचीच आहे. जाळ मागितला होता तुम्ही. चहा गार होतोय, घ्या."

ती आत आली तेव्हा राजस तिचीच वाट पाहत होता. तिनं पडदा बाजूला केला, दोन नंबरची डावी पेटी उचलून खुर्च्यांकडं पाठ करून टेबलावर आडवी ठेवली आणि हात पुढं केला.

"स्क्रू-ड्रायव्हर दे. मीच उघडते."

"घाई काय आहे?" राजस म्हणाला. "संध्याकाळपर्यंत..."

"शब्द दिलाय मी. दे."

पहिला स्क्रू निघाला. पेटीनं आपलं काम केलं होतं, आता तिला माणसांच्या पसंतीला उतरवायचं, इतकंच. दुसरा स्क्रू निघाला. आणि तेवढ्यात अमरसिंह खुर्चीतून उठला.

"अगं ए, ती कशाला उघडतीस? परदेशी हाय ती. त्या पुण्यावाल्याला परत द्यायची न्हवं?"

शांभवीनं वर पाहिलं. "ही परदेशी नाही. ही माझी."

आई खुर्चीतून अर्धवट उठली.

"दोन नंबर तुझी?" आईचा आवाज एवढासा झाला. "मग एक नंबर?"

"ती परदेशी."

"अयाई गं!" आईनं पदर तोंडाला लावला. "मी तर तुझी म्हणूनच एकला दिलं गं!"

"मीबी," अप्पा म्हणाले. "मला काय डोंबल फरक कळतोय? पर एक नंबरात दणका होता. मी म्हटलं, कोल्हापूरची पेटी म्हटल्यावर दणका असणारच. हीच आपल्या पोरीची."

राजस खालीच बसला. त्याला हसावं की डोकं आपटून घ्यावं, कळेना. मीटर लावून, पडदा लावून, नाणं उडवून नंबर ठरवले होते त्यानं; आणि ह्या लोकांनी कान घरी ठेवून काळजानं मतं दिली होती.

"मॅडम, तुम्ही तरी?" त्यानं विचारलं.

पूर्णिमा मॅडम ओशाळल्या. तीस वर्षं मुलांना खरा सूर शिकवणारी बाई. लिहून आणलेलं उत्तर पकडलं जावं तशा चष्मा पुसत राहिल्या. "मला दोन नंबरच आवडली होती. माझा श्वास मी पहिल्यांदा ऐकला. पण म्हटलं, इतकी स्वच्छ म्हणजे बाहेरचीच असणार. आणि आपल्या मुलीला आपणच पाडायचं का? माझं चुकलं रे."

शांभवीचे डोळे भरून आले आणि त्यातच तिला हसू फुटलं. ह्या माणसांवर रागवायचं तरी कसं! तिनं आईच्या खांद्यावर डोकं टेकलं, आणि आई तिच्या पाठीवर हात फिरवत मी किती वेडी, किती वेडी गं, असं म्हणत राहिली.

"मला मात्र खरंच एक नंबर आवडली बरं का," अमरसिंह प्रामाणिकपणानं म्हणाला. "खोटं कशाला बोलू? दणका तो दणका."

राजसनं बोटांवर हिशेब केला. "म्हणजे एक मत इकडं, एक तिकडं. काका-काकूंना फरक कळलेला नाही, ती मतं बाद. उरले बाळासोकाका. त्यांचं मत काय?"

"त्यांचं राहू दे," शांभवी पटकन म्हणाली.

"असं कसं राहू दे? त्यांच्यावरच आता..."

"राजस, राहू दे म्हटलं ना."

अप्पांनी एकदम नाक वर केलं. "जळतंय काय?" ते खिडकीकडं धावले. "अरे, आवारात कोण जाळ करतंय? ओ बाळासो!"

आवारात पुठ्ठ्याच्या खोक्यांचा ढणढणीत जाळ लागला होता. त्याच्यावर हलगी धरून बाळासो ती गोल गोल फिरवत होता, मधेच बोटानं टिचकी मारून कानाशी नेत होता. अप्पांच्या हाकेनं त्यानं वर पाहिलं. खिडकीतून त्याला टेबलावरची पेटी दिसली, तिचे निघालेले स्क्रू दिसले. तो झपाझपा आत आला. कपाळावर घाम, फेट्यावर राखेचे कण.

"खरं बोलली म्हणून पेटी फोडाय लागलीस व्हय?" तो दारातूनच गरजला.

"काका, तुम्ही..."

"गप बस. हलगी तापलीया, गार व्हायच्या आत ऐका सगळी."

आणि त्यानं टिपरू हाणलं. स्टोअररूमच्या भिंतींनी तसा आवाज जन्मात ऐकला नसेल. कडकडीत, सुटा, लखलखीत. एक ठोका दुसऱ्याला चिकटत नव्हता. अमरसिंह खुर्चीवरून उठून उभा राहिला. अप्पांची टाच फरशीवर आपटायला लागली. बाळासोनं चार आवर्तनं वाजवली, हात हवेत थांबवला आणि राजसकडं वळला.

"आता लाव त्या दिवशीची. दोन नंबरवर."

डावी पेटी टेबलावर आडवीच होती. राजसनं उजव्या पेटीवरच लावलं. पेटीतून हलगी आली. भद्द, मंद, ओल्या पोत्यावर काठी मारावी तशी. कुणाला काही सांगायची गरजच राहिली नाही. पूर्णिमा मॅडमनी तर पहिल्याच ठोक्याला तोंड वाकडं केलं.

"ती गार हलगी हाय," बाळासो म्हणाला. तो अमरसिंहकडं बघूनच बोलत होता, छाती पुढं काढून. "मी वाजवली. गार हाय हे ठाऊक असून वाजवली. त्या एक नंबरानं माझ्या तोंडाला पावडर लावली, आन् मी येडा डोलत बसलो. ह्या पोरीच्या पेटीनं जे हाय ते सांगितलं. जा, सांग जा तालमीत."

अमरसिंह पुढं झाला. मग त्यानं वाकून बाळासोच्या पायाला हात लावला.

"तालमीत काय सांगायचं ते सांगीनच," तो म्हणाला. "पर मघाशी एक नंबरावर मी व्वा म्हटलं, काका. गार हलगीला. वीस वर्सं आवाजाच्या धंद्यात हाय मी. ते तेवढं तुमीबी कुणाला सांगू नका."

आधी मॅडम हसल्या, मग आई, आणि मग सगळी खोलीच हसायला लागली. बाळासोचा मोठा आवाज सगळ्यांच्या वर. राजस मात्र टेबलाशी गेला. दोन्ही स्क्रू त्यानं जागच्या जागी बसवले, घट्ट पिळले, आणि स्क्रू-ड्रायव्हर खणात टाकून खण बंद केला.

"सोमवारी आहे तशीच जाऊ दे," तो शांभवीला म्हणाला. "दुकानात दहा सेकंदांत कुणाला पटली नाही, तर मी हात धरून अकरावा ऐकवीन."

शांभवीनं त्याच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला. राजसला तो बरोबर कळला.

"आता तापलीया तवर घ्या की माझं नीट," बाळासोनं दोघांना दटावलं. "का आजबी पाऊण तास लावताय?"

पेट्यांच्या मोजमापाचे माईक होतेच, पाच मिनिटांत ते उभे राहिले. पडदा काढून टाकला. आईनं पंखा बंद केला, अमरसिंहनं दारात उभं राहून कुठला ट्रॅक्टर येतोय का ते पाहिलं, आणि हातानं खूण केली. बाळासोनं वाजवलं. असं वाजवलं, की संपल्यावर अप्पांनी टाळ्यांसाठी हात उचलले आणि राजसच्या डोळ्यांकडं बघून तसेच धरून ठेवले.

मग ते तिच्या पेट्यांवर लागलं. दोन लहानग्या पेट्या टेबलावर, आणि त्यांच्या मधोमध हवेत तापलेली हलगी. कडकडीत. कुठं दणका जास्त नाही, कुठं कमी नाही. पूर्णिमा मॅडमनी डोळे मिटले. अमरसिंहची मान नकळत डोलायला लागली. शांभवी पेट्यांकडं बघतच नव्हती. ती बाळासोकडं बघत होती.

बाळासो आधी हसऱ्या तोंडानं ऐकत होता. मग कान पुढं काढून ऐकायला लागला. मग त्यानं भुवया आवळल्या.

शेवटचा ठोका विरला. शांभवी त्याच्याजवळ जाऊन वाकली.

"काय झालं, काका? झकास वाजलंय की."

"डावी काडी मागं पडतीया," बाळासो म्हणाला.

"मला तर कुठं..."

"पडतीया. शेवटच्या आवर्तनाला. केसभर." तो स्वतःच्या डाव्या हाताकडं, कुणाचा दुसऱ्याचाच हात असावा तसा बघत होता. हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर हसू पसरलं, पोराटोरासारखं, सगळे दात दाखवणारं. "पन्नास वर्सं वाजवतोय. लोकांनी खांद्यावर घेऊन नाचवलं मला. एका मायच्या पुतानं कधी सांगितलं न्हाय."

तो उठला. फेटा काढून त्यानं शेजारच्या खुर्चीवर ठेवला आणि हलगी उचलली.

"माईक हलवू नगासा," दाराकडं जाता जाता तो म्हणाला. "शेकून आलो."